वापसा नाही

६ मार्च

भिंगरे,

सगळ्यात आधी आला तो नकाशेवाला. सातला येतो म्हणाला होता आणि सहालाच दारात उभा. माझ्या एका हातात दुधाची बादली, दुसऱ्या हातात कवळी. घाईघाईने बसवली ती तिरकी बसली. पहिली पाच मिनिटं मी काय बोलले ते मलाच कळलं नाही, पण त्याने सगळं वहीत उतरवून घेतलं. सरकारी माणूस, न कळलेलं आधी लिहितो.

मग आली पाखरूवाली बाई. पाखरं मोजायची नोकरी आहे म्हणे तिची. चालते ती वर बघत, म्हणून आमच्या चरात पडली. गुडघ्यापर्यंत भिजली पण दुर्बीण उंच धरून ठेवली होती. मला आवडली. माझा जुना परकर वाळलेला होता तो दिला, दिवसभर तोच नेसून फिरली. शेवटी आला सायकलवाल्यांचा म्होरक्या. शहरातून सुट्टीला येतात ना ते पन्नास-साठ सायकलवाले, त्यांचा पुढारी. कपडे असे घट्ट, की बाई गं, मी मान वळवून चहा ओतला.

आता ही तिन्ही डोकी एकाच दिवशी माझ्या दारात कशाला, ते ऐक. खालच्या सपाटीवरून भांडण आहे. पाखरूवाली म्हणते टिटव्यांची अंडी तुडवली जातात. सायकलवाले म्हणतात गाईंनी वाट चिखलाची केली. गाईंना कोणी विचारलेलं नाही, नाहीतर त्याही म्हणाल्या असत्या की सायकलींनी चर पाडले. म्हणून कुरणाच्या ऑफिसने ठरवलं की माती तपासायची, आणि माती सांगेल ते करायचं. मी म्हटलं उत्तम. माती खोटं बोलत नाही.

तर नकाशेवाल्याने गिरमिटासारखी एक लोखंडी नळी आणली होती. ती जमिनीत फिरवायची, की आतली माती लांब काकडीसारखी बाहेर येते. पण पठ्ठ्याच्या पायात कोरे बूट! आमची चिकण तुला ठाऊक आहे, एका पावलाला एक शेर चिकटते. फाटकातून आत गेला, गाईंच्या पाण्याच्या हौदापर्यंत पोचला, बुटांकडे बघितलं, आणि तिथेच हौदाभोवती गोल फिरून आठ भोकं पाडली. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, हे बुटावरून झालं. मी म्हटलं, "अहो साहेब, सपाटी तिकडे आहे, क्षितिजापर्यंत." तर म्हणतो, "आजी, नमुना म्हणजे नमुना. शितावरून भाताची परीक्षा." मी म्हटलं, "हो, पण शीत पातेल्यातलं घ्यावं, ताटाखाली सांडलेलं नव्हे." हसला आणि पिशव्या बांधायला लागला.

मला काळजी नाही, पण तुला सांगून ठेवते. वरच्या मुरमाड टेकाडावरचं गवत मे उजाडला की संपतं. तेव्हा खालची सपाटी मिळाली तर माझ्या नऊ गाई इथे राहतील. नाही मिळाली तर विकाव्या लागतील, नऊच्या नऊ. भांडखोरला तर कोणी घेणारही नाही, ती दूध काढणाऱ्याचं कानशील चाटते.

अक्कलदाढ दाखवलीस का? काढू नकोस एवढ्यात. उशिरा का होईना आली आहे, राहू दे थोडी. माझा गुडघा यंदा छान आहे, मागच्या वर्षीसारखा नाही. शेजारीण विचारत होती तू कसली नोकरी करतेस. मी सांगितलं, मोठ्या लॅबमध्ये आहे, चिखलाशी खेळते. तिचा विश्वास बसला नाही.

तुझी आजी

---

१३ मार्च

आजी,

दाढ काढली. अक्कल होती तेवढीच आहे.

पत्र तीनदा वाचलं, कवळीचा भाग मैत्रिणीलाही वाचून दाखवला. एक बारीकशी चौकशी करायची होती, सहजच. नकाशेवाल्याने त्या पिशव्या कशाने बांधल्या होत्या? दोरा कुठल्या रंगाचा? पिशव्यांवर त्याने काय लिहिलं ते तू पाहिलंस का? आणि आठच होत्या, नक्की?

काम खूप आहे, म्हणून छोटं लिहिते. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी भिंगरी

---

१९ मार्च

भिंगरे,

काय गं ही चौकशी, दोरा कुठल्या रंगाचा! लग्नाची साडी आहे का ती? निळा दोरा. आठ पिशव्या. वर नाव-गाव काही नाही, नुसता आकडा, सत्तेचाळीस, आणि पुढे एक, दोन, तीन असं आठपर्यंत. मी तिसरी पास असले तरी आकडे पाठ राहतात, शेजारणीच्या कोंबड्या मोजून मोजून.

आता मुख्य बातमी. ऑफिसच्या भिंतीवर कागद लागला. मी चष्मा विसरले होते, म्हणून सायकलवाल्यांच्या म्होरक्यानेच वाचून दाखवला, तोही जरा हळूच, म्हणजे माणूस वाईट नाही. "माती अत्यंत चिकण आणि पूर्ण दबलेली आहे. पाणी मुरत नाही. गवताची मुळे चार बोटांखाली जात नाहीत. सपाटी गुरांसाठी बंद ठेवणे योग्य." खाली कोणाची तरी सही, गोगलगाय चालल्यासारखी. सभा वीस एप्रिलला आहे, तिथे पक्कं होणार.

चार बोटं! अगं, सपाटीच्या मध्ये मी कोपरापर्यंत हात घातलाय भेगेत, तरी मुळं लागत होती. ज्या कोणा मेल्याने हे लिहिलं त्याने खुर्चीवरून उठून कधी गवत उपटलं असेल तर शपथ. पोटभर जेवला असेल वर, आणि झोपला असेल गाढ. माझ्या नऊ जणी मात्र त्याच्या चार बोटांवर उभ्या आहेत.

असो. रागाने रक्त आटतं आणि दूधही. मी माझं काम करते आहे. अवकाळी पाऊस यंदा रेंगाळलाय, खाली सगळं ओलंगच्च आहे. माझा जुना नियम तुला माहीतच आहे. पाणी ओसरून माती अशी व्हावी लागते की ना हाताला चिकटेल ना दगड होईल, म्हणजे वापसा आला. तोवर सपाटीवर कोणी पाय ठेवायचा नाही, ना गाय, ना सायकल, ना मी. टाच दाबून बघायची. खड्ड्यात पाणी आलं, मागे फिर. माती टाचेबरोबर उठून आली, मागे फिर. टाचेचा ठसा उमटला आणि टाच कोरडी सुटली, तर खुशाल जा.

हे दरवेळी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून माझा घसा बसला. म्हणून दाराचा लाल रंग उरला होता तो घेऊन एका फळीवर लिहिलं, "वापसा नाही," आणि फाटकाला ठोकून दिली. हात थोडा कापला, पण अक्षर ठसठशीत आलंय. रंग नाकालाही लागला. भांडखोर घाबरून लांब उभी राहिली, आयुष्यात पहिल्यांदा.

तुझी आजी

---

२५ मार्च

आजी,

उभी असशील तर बस.

ज्याने ते लिहिलं तो मेला नाही. ती मेली आहे. म्हणजे मी.

सत्तेचाळीस नंबरच्या आठ पिशव्या, निळा दोरा, माझ्याच टेबलावर आल्या होत्या. पिशव्यांवर जागेचं नाव मुद्दाम घालत नाहीत, तपासणाऱ्याचा जीव गुंतू नये म्हणून. माझा गुंतला नाही. मी माती ओली केली, अंगठ्याने फीत काढली, लांबच लांब निघाली, म्हणजे पक्की चिकण. ही फीत काढायला तूच शिकवलीस. नोकरीच्या पहिल्या दिवशी मोठ्या बाई मला शिकवायला आल्या, तर माझी फीत त्यांच्यापेक्षा वीतभर लांब. ज्या मातीवर शिकले तीच माती हातात आली, आणि मी ओळखली नाही. सही गोगलगायीसारखी आहे हे मात्र खरं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच शंका आली होती. सरळ विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून दोऱ्याचा रंग विचारला.

मी जे लिहिलं ते त्या आठ पिशव्यांबद्दल खरं आहे, ते खोडून टाकता येणार नाही. पण त्या सगळ्या हौदापाशी भरल्यात हे कागदावर कुठेच नव्हतं. "सपाटी" एवढंच होतं. मी तरी विचारायला हवं होतं, कुठून, किती अंतरावर. नाही विचारलं. तेवढी चूक माझी. पुन्हा नमुने घ्यायचे तर ऑफिसने मागणी करायला हवी, माझ्या सांगण्यावरून होणार नाही. आणि सभेला जेमतेम महिना आहे.

जेवले पोटभर हेही खरं होतं. आता जेवण जात नाही.

भिंगरी

---

५ एप्रिल

भिंगरे,

पत्र वाचून दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. शेजारीण औषध घेऊन आली, तिला वाटलं कवळी हरवली. आपलेच दात, आपलेच ओठ, कोणाला सांगू? तिसऱ्या दिवशी सकाळी दूध काढताना एकदम हसू आलं. मी मेल्याला पोटभर शिव्या घातल्या, आणि तो मेला म्हणजे जिच्या नाकातला वाटाणा मी हेअरपिनने काढला ती! इतकं हसले की भांडखोरने बादली लाथाडली. तेव्हा जेव बाई, मुकाट्याने जेव. आणि चिखलाची फीत काढायचे तुला पगार देतात हे आधी सांगायचं नाही का? मी सत्तर वर्षं फुकट काढते आहे.

आता माझी बातमी, तुझ्यापेक्षा मोठी. ती पाटी!

झालं असं, की "सा"चा काना ओढताना ब्रश वर जाऊन वळला. माझ्या लक्षात नाही आलं. लांबून ते "वापसा नाही" न दिसता "वापसी नाही" दिसतं. आणि शेजारी लाल ओघळ! लोक फाटकापाशी यायचे, वाचायचे, आणि गुपचूप मागे फिरायचे. मला आपलं वाटलं, बघा, समजुतीची माणसं आहेत, वापसा कळतो यांना. परवा सायकलवाल्यांचा म्होरक्या आला, टोपी हातात धरून. आवाज अगदी मऊ.

"आजी, आजवर किती जण गेले?"

"कुठे?"

"खाली. सपाटीवर."

"पुष्कळ गेले. माझी सासू गेली, नवरा गेला, दीर गेले. आम्ही सगळेच जायचो."

त्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "आणि... परत?"

"परत काय? संध्याकाळी चहाला घरी."

मग त्याने मला फाटकाकडे नेऊन पाटी वाचून दाखवली. शहरात म्हणे पसरलंय की इथे खाली दलदल आहे, एकजण सायकलीसकट गेला, फक्त घंटी वर सापडली. मी फाटकाला धरून हसले, तोही हसला. पण नंतर त्याने विचारलं, मग वापसा म्हणजे काय? मी टाच दाबून दाखवली. त्यानेही दाबली. माती बुटासकट वर आली. म्हणतो, "म्हणजे आजी, चर आम्ही पाडले ते अशा दिवशी." माणसाला स्वतः कळलं की आपण जीभ आवरावी.

आणि मग पाखरूवाली आली, धावत, चक्क खाली बघत धावत. तीन आठवडे सपाटीवर ना माणूस ना चाक, तर टिटव्यांनी घरटी मांडली! अकरा मोजली तिने. मला म्हणते, हे गुरं नसल्यामुळे झालं. मी म्हटलं, "चल, एक गंमत दाखवते." मधल्या सुक्या बांधावरून तिला पलीकडच्या कुंपणातल्या तुकड्यावर नेलं. तिथे पाच वर्षं गाय शिरलेली नाही. गवत कमरेएवढं, खाली वाळलेल्या पेंढ्याची गादी. "मोज इथली घरटी." तासभर शोधलं तिने. एक नाही. टिटवीला चहूकडे दिसायला लागतं, तिला आखूड गवत हवं, आणि गवत आखूड कोण करतं? मी नाही चरत. पाखरूवाली म्हणाली, "आजी, हे मला पुस्तकात माहीत होतं." मी म्हटलं, "पुस्तकात मलाही पुष्कळ माहीत असतं, वाचायला सवड मिळाली असती तर."

तुझं नाव न घेता मी तिला हौदाच्या भोकांचं सांगितलं. ती ऑफिसात जाऊन नकाशेवाल्याशी बोलणार आहे. पाटी मी पुसलेली नाही. सध्या राहू दे.

तुझी आजी

---

११ एप्रिल

आजी,

"फक्त घंटी वर सापडली" हे वाचून मी लॅबमध्ये एकटीच हसले. मोठ्या बाईंनी कारण विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. ती सपाटी माझ्या आजीची चराई आहे, आणि पहिला अहवाल माझा आहे, हेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग यापुढे या मातीला तू हात लावायचा नाही. बरोबरच आहे. काल ऑफिसची मागणी आली. शेजारच्या टेबलावरच्या ताई स्वतः येतील, पंधरा तारखेला, वीस ठिकाणी खणतील. त्या कोणाला ओळखत नाहीत आणि कोणाचं ऐकत नाहीत. त्यांना चहा दे, पण सल्ला देऊ नकोस.

आता एक विचारायचं आहे, आणि यावेळी सरळ विचारते.

ते आठ नमुने मी पुन्हा काढून बघितले, हात लावू नको म्हणायच्या आधी. हौदावर गुरं रोज येऊन पाणी पिऊन जातात, तेवढ्याने माती इतकी बसत नाही. आपली काळी चिकण उन्हाळ्यात भेगाळते, स्वतःच स्वतःला नांगरते, हे तूच सांगायचीस. या मातीत मात्र आडवे थर आहेत, ओल्या वहीवर दगड ठेवल्यावर पानं चिकटतात तसे. असे थर गुरं ओल्यात दिवसचे दिवस उभी राहिली तरच बसतात.

आजी, मागच्या वर्षी पावसात तुझा गुडघा गेला होता. तेव्हा गाई टेकाडावर कोण नेत होतं? तू पत्रात लिहिलं होतंस, सगळं नेहमीसारखं चाललंय.

रागावू नकोस. तूच लिहिलंस की माती खोटं बोलत नाही.

भिंगरी

---

२८ एप्रिल

भिंगरे,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस का लागले ते तुला कळलं असेल. तीनदा कागद घेतला. एकदा लिहिलं, शेजारीण नेत होती. ते फाडलं, कारण शेजारीण गाय बघून झाडावर चढते. एकदा लिहिलं, तुला काय करायचंय. तेही फाडलं. मग कागदच संपला.

कोणी नेत नव्हतं गं. गुडघ्याने टेकाड चढवेना. तुला कळवलं असतं तर तू नोकरी सोडून आली असतीस, नाहीतर मला शहरात नेलं असतंस, आणि गाई गेल्या असत्या. म्हणून महिनाभर त्यांना फाटकातून आत सोडून द्यायची, हौदापाशी, कोपऱ्यात. पाच आठवडेच म्हण. रोज खिडकीतून बघायची. पोटापर्यंत चिखल. इतकी वर्षं जगाला टाच दाबायला शिकवली आणि स्वतः खिडकीत बसून राहिले. पहिल्या दिवशी नकाशेवाला तिथेच खणायला लागला तेव्हा मी ओरडले खरी, "सपाटी तिकडे आहे," ते निम्मं त्याच्या बुटांसाठी होतं, निम्मं माझ्यासाठी.

आता सभेचं ऐक. शाळेच्या हॉलमध्ये होती, लहान मुलांच्या खुर्च्या. मी बसले ती उठेन की नाही याची शाश्वती नव्हती. नकाशेवाला पुढे, पाखरूवाली खिडकीपाशी, सायकलवाले मागच्या भिंतीला टेकून, आज बऱ्या कपड्यांत. तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या ताई उभ्या राहिल्या. काय बाई आहे! माझा चहा प्यायली, एक शब्द बोलली नाही, वीस भोकं पाडून गेली. मीही सल्ला दिला नाही, ओठ चावून चावून सोलले. त्यांनी वाचलं, सपाटीच्या मध्ये माती भुसभुशीत, मुळं हातभर खोल, बेडकं आणि गांडुळं भरपूर. सायकलीच्या चरांत माती दबलेली, पण भेगांनी सुटते आहे. हौदाचा कोपरा मात्र पहिल्या अहवालात लिहिला तसाच, वाईट. पहिला अहवाल चूक नव्हता, तपासलेली जागा थोडी होती, असंही त्या स्वच्छ म्हणाल्या. ते ऐकून मला काय वाटलं ते कागदावर मावणार नाही.

मग सायकलवाल्यांच्या म्होरक्यानेच विचारलं, "मग हौदापाशी एवढं कशाने झालं?"

नकाशेवाला पटकन म्हणाला, "साहजिक आहे. गुरं पाण्याला येतात." माझ्याकडे बघून म्हणाला, म्हणजे मला वाट करून देत होता. सगळ्यांनी मान हलवली. तिथेच संपलं असतं, भिंगरे. मी नुसती बसून राहिले असते तरी चाललं असतं. उठायचं म्हटलं तर ती खुर्चीही सोडेना, माझ्याबरोबर वर आली. पाखरूवालीने येऊन ओढून काढली.

मी म्हटलं, "पाण्याला येऊन असं होत नाही. मागच्या पावसात मी गाई पाच आठवडे ओल्यात उभ्या ठेवल्या. गुडघा दुखत होता, पण मातीला गुडघ्याशी काय करायचंय? तो कोपरा मी बिघडवला. बंद करायचाच तर तो करा. बाकीची सपाटी माझ्या चुकीसाठी बंद करू नका. पाखरांना आखूड गवत लागतं आणि गवताला गाय लागते. आणि कोणाला दोष द्यायचा तर भिंतीवरचा कागद लिहिणारीला देऊ नका, ती बरोबर होती."

"लिहिणारीला" म्हणून गेले! नकाशेवाल्याने लगेच विचारलं, ती बाई आहे हे तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, "माझी नात आहे." आता कळलं ना, तुझ्या मोठ्या बाईंना आधीच सांगून ठेवलंस ते किती बरं झालं. ताई उभ्या राहून म्हणाल्या, लॅबला ठाऊक आहे, म्हणूनच मी आले. मग नकाशेवाल्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "मग मीही सांगतो. मी पुढे गेलो नाही, कारण बूट नवीन होते." मागच्या भिंतीवरून असं हसू फुटलं की लहान खुर्च्या पडल्या.

ठरलं ते असं. हौदाचा कोपरा दोन वर्षं गाईंना बंद, मी मान्य केलं. सगळ्यात गोड गवत तिथेच होतं, पण केलं. हौद उचलून टेकाडाच्या मुरमावर जाणार, म्हणजे पाण्यासाठी गाईंना रोज चढायचं, आणि मलाही. घरट्यांभोवती दोरी, पिल्लं उडेपर्यंत. सायकलवाल्यांना ओल्या दिवसांत टेकाडाची वाट, कोरड्या दिवसांत खालची. आणि नऊच्या नऊ गाई सपाटीवर, एक वर्ष. त्यात कुठेही खुराचा ठसा दोन बोटांहून खोल दिसला, तर बंद. कायमची. ते दोन बोटंवालं पाखरूवालीने घातलं, मऊ दिसते पण कच्ची नाही. मी अंगठा उठवला नाही, सही केली. तुझ्यापेक्षा बरी.

गुडघ्याचं खरं सांगते, पुन्हा लपवाछपवी नको. चढताना दुखतो. उतरताना जास्त. म्होरक्या म्हणाला, ओल्या दिवशी आमच्यातला एकेक जण येऊन गाई वर नेईल. मी म्हटलं, आधी भांडखोरची ओळख करून घ्या. काल तो आला, तिने त्याचं कानशील चाटलं, आणि तो टोपी सावरत म्हणाला, जमेल. बघू. न जमलं तर मी तुला कळवेन. यावेळी खरोखर कळवेन.

टेकाडावरचं गवत पार खुरटलं, गाई दिवसभर फाटकाशी उभ्या राहून खाली बघतात. नकाशेवाल्याला वहीत तारीख हवी होती, गाई कधी सोडणार? मी म्हटलं, तारखेने काय होतं, टाच सांगेल. तो पेन धरून उभाच. मग गेले आत. खड्ड्यात पाणी नव्हतं, पण टाचेला अजून थोडी माती आली. वारा चांगला सुटलाय, कोरडा. असा चार-पाच दिवस राहिला तर सुटेल. त्याने जुने बूट घातले होते, तोही टाच दाबून आला, आणि पाखरूवालीही.

येत्या शुक्रवारी, तीन मेला, सकाळी आठ वाजता म्होरक्यासकट तिघंही येतो म्हणालेत, गाई उतरताना बघायला.

तुझी आजी